सरकणारी गाठ

आमच्या घरात खोकल्याला कोणी विचारत नसे. देवणीच्या बाजारात सासऱ्यांचं किराणा दुकान होतं, मागे घर, आणि दोन्हींच्या मधल्या खोलीत मिरचीची पोती. सकाळी पोतं सुटलं की दुकानातली माणसं, घरातली माणसं आणि दारात उभं असलेलं गिऱ्हाईक सगळे एका सुरात खोकत. लग्न होऊन मी नांदेडहून आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, या घराण्यालाच क्षय आहे. त्यामुळे सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, वर्षभर कोरडं खोकत होत्या हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते त्यांचं भांडण मध्येच थांबलं तेव्हा.

ते साल दुष्काळाचं होतं. विहिरीचा तळ दिसत होता आणि पाण्याचा टँकर आला की गल्लीत हाणामारी ठरलेली. आत्याबाई हंडा उचलत नसत, नुसत्या तोंडाने आमचा नंबर राखत. हंडा उचलणं त्यांना जमतही नव्हतं. हातांच्या बोटांचे सांधे कित्येक वर्षांपासून सुजलेले, सकाळी उठल्यावर मूठ मिटत नसे आणि मिटली तर उघडत नसे. सगळे त्याला वात म्हणायचे आणि तेल चोळायचे. तर एके दिवशी टँकरपाशी शेजारणीचा तिच्या माहेरासकट उद्धार करताना त्या अर्ध्या वाक्यात थांबल्या आणि टँकरला टेकून नुसता श्वास घेत राहिल्या. शेजारीण घाबरली. तिनेच हाताला धरून घरी आणून सोडलं आणि मला म्हणाली, "तुझ्या सासूला दवाखान्यात दाखव गं. आज मला पुरतं बोलली बी न्हाई."

दाखवायचं ठरलं, पण कुठे, यावर घरात दोन तट पडले. मी नांदेडची. माझं म्हणणं, नांदेडला चांगले डॉक्टर आहेत, माझ्या भावाची ओळख आहे, उतरायला माहेर आहे. मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, हे सहन होण्यासारखं नव्हतं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि तो आपण स्वतः उभं राहून करून घेतला अशा थाटात ते वावरत. दुकानाच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' त्यांनी पुसून घेतलं होतं आणि तिथे लालभडक रंगात 'जि. लातूर' आलं होतं. बाकीची पाटी इतकी विटलेली होती की लांबून नुसता जिल्हाच दिसे. दात दुखला तरी ते लातूरला जात. आता बायकोला घेऊन त्यांनी परक्या जिल्ह्यात जायचं म्हणजे काय.

"आपला जिल्हा असताना कामून नांदेडला जायचं?" ते म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

लोकांना आमच्या फुफ्फुसांशी काही देणंघेणं नव्हतं, पण माझं लग्न नवं होतं, मी गप्प बसले. लातूरला गेलो. डॉक्टरांनी छातीची क्ष-किरण प्लेट काढायला पाठवलं. आतल्या माणसाने सांगितलं, "बाई, गळ्यातलं काढून ठेवा." आत्याबाईंनी मंगळसूत्र काढलं, बोरमाळ काढली, दोन्ही माझ्या हातात दिलं, दोनदा मोजायला लावलं आणि आत गेल्या. प्लेट आली. डॉक्टरांनी ती उजेडाला धरली. मग मामंजींना बाजूला घेऊन म्हणाले की उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ दिसते आहे, मोठ्या ठिकाणी दाखवा.

आत्याबाईंना काही सांगायचं नाही असं ठरलं, म्हणजे चार दिवसांत सगळ्या देवणीला कळलं. उदगीरच्या नणंदा आल्या, निलंग्याच्या मावळणी आल्या. येईल ती बाई आत्याबाईंच्या पाया पडून डोळे पुसायची. आत्याबाई मला विचारायच्या, "ह्या समद्या कामून रडून राहिल्या गं? कोण गेलं?" मी म्हणायची, दुष्काळ आहे ना. त्यावर त्या म्हणायच्या, "दुष्काळ हाय तर माझ्या पाया पडून पाऊस पडतो का?" मामंजी मात्र दुकानात बसून चुकीची मापं द्यायला लागले. एका गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ दिलं आणि ते परत आलं तेव्हा त्याच्याशी भांडले सुद्धा नाहीत. मला मामंजींची तेव्हा पहिल्यांदा दया आली. चार दिवसांनी ते स्वतःच मला म्हणाले, "तुझ्या भावाला निरोप दे. नांदेडला नेऊ."

नांदेडच्या डॉक्टरांनी नवी प्लेट मागितली. पुन्हा तेच, गळ्यातलं काढा, मंगळसूत्र, बोरमाळ, मोजणी. प्लेट आली. डॉक्टरांनी लातूरची प्लेट शेजारी लावली. मग दोन्ही उलट्या करून पाहिल्या. मग आतल्या माणसाला बोलावून उजव्या-डाव्या खुणेची अक्षरं बरोबर लावलीस ना म्हणून खडसावलं. त्याने शपथेवर सांगितलं की बरोबर आहेत. लातूरला उजवीकडे असलेली लिंबाएवढी गाठ नांदेडला येईपर्यंत डावीकडे गेली होती, आणि थोडी खालीही उतरली होती.

"मी इतकी वर्षं डॉक्टरकी करतोय," ते म्हणाले, "प्रवास करणारी गाठ पहिल्यांदाच पाहतोय."

मामंजींनी अंदाज घेत विचारलं, "एस्टीनं लई हादरे बसले, त्यानं सरकली असंल का?"

डॉक्टर खुर्चीतून उठले. ते आत्याबाईंच्या मागे गेले, पाठीला नळी लावून ऐकायला लागले आणि नळी मध्येच थांबली. पोलक्याच्या आत काहीतरी टणक लागत होतं. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"देव हाय," आत्याबाई म्हणाल्या.

हे इथे सांगायला हवं. आम्ही लिंगायत. लहानपणी गळ्यात इष्टलिंग बांधतात, ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. सकाळी अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर ठेवून पूजा करायची आणि मगच पाण्याचा घोट. आत्याबाईंचे सांधे सकाळी धरलेले, त्यांचा तळहात उघडेपर्यंत पूजा नाही, पूजेशिवाय त्यांचा चहा नाही आणि त्यांच्याआधी सुनेचा चहा नाही. मी कित्येक सकाळी त्यांच्या बोटांकडे बघत उपाशी बसले आहे. आता असं लिंग अंगावरून उतरलं तर माणूस जिवंत असून नसल्यासारखा, अशी त्यांची पक्की समजूत. त्यांचं लिंग चांदीच्या डबीत नव्हतं, पांढऱ्या कापडात गुंडाळून दोऱ्याने बांधलेलं होतं. गळ्यातलं काढा म्हटल्यावर त्यांनी दोरा फिरवून ते पाठीवर टाकलं होतं. लातूरला उजवीकडे पडलं, नांदेडला डावीकडे.

"आजी, तुम्हाला गळ्यातलं काढायला सांगितलं होतं ना?" डॉक्टर म्हणाले.

"गळ्यातलं काढलं की. सून धरून बसलीया. हे काय दागिना हाय का? उद्या म्हणाल नाक बी काढून ठिवा."

मला हसू आवरेना. चार दिवस ज्या गाठीसाठी घर रडत होतं ती गाठ मामंजींच्या छातीवर होती, माझ्या छातीवर होती, रडायला आलेल्या सगळ्या नणंदा-मावळणींच्या गळ्यात होती, आणि एकीलाही सुचलं नाही. अंगाचाच भाग तो, त्याची कोण कशाला आठवण काढतो. मामंजी तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. हसत होते की रडत होते, मला आजही सांगता येणार नाही.

डॉक्टर म्हणाले, लिंग बाजूला ठेवून पुन्हा प्लेट काढू. आत्याबाई म्हणाल्या, तसंच वर पाठवा त्यापेक्षा. बराच वेळ दोघेही हटेनात. शेवटी आत्याबाईंनीच तोड काढली. त्यांचे वडील नदीत उतरताना लिंग फेट्यात बांधायचे, डोकंही अंगच आहे. मी त्यांच्या डोक्यावर लिंग ठेवलं, पदराने घट्ट बांधलं, आणि त्या एखाद्या नवरदेवासारख्या ताठ मानेने आत गेल्या.

या प्लेटमध्ये गाठ नव्हती. पण दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी विणलेलं होतं. डॉक्टर गंभीर झाले. हा नुसता वात नाही, म्हणाले. अंगात रोगाशी लढायला जी फौज असते ती बिथरून आपल्याच माणसांवर उठली आहे. आधी बोटांचे सांधे धरले, आता फुफ्फुस धरलं. ते जाळं आता जायचं नाही, वाढू द्यायचं नाही एवढंच आपल्या हातात. त्यांनी रोजच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं की गोळ्यांनी फौज शांत होईल, पण मग बाहेरचा जंतू आला तर अडवायला कोणी नसेल, साधा खोकला-तापही अंगावर काढू नका.

गोळ्यांनी आत्याबाईंची मूठ उघडायला लागली, आमचा चहा वेळेवर झाला आणि त्यांचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला. आता दुष्काळात हे फार वाईट. गावातली माणसं खडी फोडायच्या कामावर जाऊन काडीसारखी झालेली आणि किराणा दुकानदाराची बायको दिवसेंदिवस गरगरीत. लोक साखर मागायला यायचे आणि मामंजींच्या खांद्यावरून आत डोकावायचे. दुकानदाराने पोती दडवली आहेत अशी कुजबुज सुरू झाली. मामंजी ज्याला त्याला सांगायचे, गोळ्यांची सूज आहे हो. एक म्हातारा म्हणाला, "मग त्या गोळ्या आमाला बी द्या की, पोतंभर."

थंडी पडायला लागली आणि टँकरच्या गर्दीत सगळा गाव शिंकायला लागला. आत्याबाईंना आम्ही बाहेर सोडत नव्हतो, तर त्या खिडकीतून भांडायच्या. एका सकाळी खिडकीतून आवाज आला नाही. आत जाऊन पाहते तर त्या उशीला टेकून बसलेल्या, नाकपुड्या फुललेल्या, नखं निळी पडलेली. ताप फारसा नव्हता. त्या गोळ्यांनी तापसुद्धा दबतो, हे नंतर कळलं. छातीतली घुरघुर लांबूनही ऐकू येत होती.

जीप दारात आली आणि मामंजी म्हणाले, "नांदेडला नेऊ. तिथल्या डॉक्टरला समदं ठाव हाय." मी म्हणाले, लातूर जवळ आहे, लातूरलाच चला. ते नांदेड म्हणत होते आणि मी लातूर, दोघेही रडकुंडीला आलो होतो. आत्याबाईंनी जीपमधून हात हलवला. "जवळचं," एवढंच म्हणाल्या. एका शब्दात त्यांनी वाद संपवल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला फार भीती वाटली.

लातूरचे डॉक्टर तेच, नांदेडची हकिगत त्यांच्या कानावर गेलेली. त्यांनी नळी लावण्याआधी हसून विचारलं, "देव कुठाय?" मग ऐकलं आणि त्यांचं हसणं गेलं. जबर न्यूमोनिया होता, तोही आधीच जाळं धरलेल्या फुफ्फुसात. ऑक्सिजन लावला. प्लेट लगेच पाहिजे होती, कुठे किती भरलंय ते कळल्याशिवाय पुढचं औषध ठरणार नव्हतं. प्लेटचं यंत्र ढकलत खाटेपाशी आणलं. मी लिंग डोक्यावर बांधलं. खोकल्याची उबळ आली, मान पडली, ते घसरून छातीवर आलं. पुन्हा बांधलं, पुन्हा घसरलं. यंत्रवाला घड्याळाकडे बघायला लागला. काढा म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि मामंजींचीही नव्हती. ते पायथ्याशी उभे राहून खाटेचा लोखंडी दांडा नुसता धरून होते.

आत्याबाईंनी डोळे उघडले. त्या सुजऱ्या बोटांनी स्वतःच दोरा डोक्यावरून ओढला, माझा डावा हात धरला, तळहात उताणा केला आणि लिंग त्यावर ठेवलं.

"आत्याबाई, अंगावरून उतरलं," मी म्हणाले.

"तुझ्या अंगावर हाय न्हवं," त्या म्हणाल्या. मग श्वास गोळा करून म्हणाल्या, "एकच हाय."

प्लेट निघाली. उजवी बाजू पांढरी झाली होती, डॉक्टरांनी औषध बदललं आणि मोठी सुई सुरू केली. आत्याबाईंचा डोळा लागला. लिंग परत बांधायचं तर मानेखाली हात घालून उठवायला हवं, आणि डॉक्टर म्हणाले झोपू द्या. मी हातात घेऊन बसले. दुपारी मामंजी जेवणाचा डबा घेऊन आले, माझ्या हाताकडे पाहिलं आणि डबा न उघडताच खाली ठेवून माझ्या शेजारी बसले. बोटं आखडली तरी मला मूठ मिटायचा धीर होत नव्हता, सोडायचाही होत नव्हता. मी आत्याबाईंच्या छातीकडे बघत होते. हलली की माझा श्वास सुटायचा.

संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले. नखांचा निळा रंग जरा उतरला होता. त्यांनी आधी माझा हात पाहिला, मग डबा.

"जेवली न्हाईस?"

"नाही."

"मी मेले न्हाई, एवढं दिसत न्हवतं का तुला? उपाशी कामून बसलीस?"

मला तिथेच रडू फुटलं, सगळ्या दवाखान्यासमोर, नाक गळेपर्यंत. मामंजी दुसरीकडे बघायला लागले. आत्याबाईंनी मला मनसोक्त रडू दिलं. मग ऑक्सिजनची नळी जरा बाजूला सारून म्हणाल्या, "रड. मला दम न्हाई, माझ्या वाटचं बी तूच रड."