सरांच्या सोबतीला

माझं शुद्धलेखन वाईट आहे आणि अक्षर किरटं. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही माझ्यापुरतीच आहे, तरी कोणी उघडलीच तर सांभाळून घ्यावं.

सर एकटे राहत, पण टेबलावर ताटं दोन मांडत. पोळ्या करून मी निघाले की म्हणत, "बाई, जेवणाऱ्यासमोर कोणीतरी हवं. बोलू नका हवं तर." मी अंग चोरून बसायचे. अमेरिकेत एडिसनला लेकीकडे आल्यापासून मी चार घरी स्वयंपाक करत होते. बसा म्हणणारे सरच.

ते इतिहास शिकवत. त्यांचं कॉलेज इंग्रजांच्या राज्यातलं, म्हणजे अमेरिका स्वतंत्र व्हायच्याही आधीचं. ते याचा अभिमान बाळगत.

मग ते प्रकरण झालं. संशोधनाचा प्रवास म्हणून सरांनी कॉलेजचे पैसे उचलले, प्रवास केलाच नाही. पैसे नागपूरला भावाच्या ऑपरेशनला पाठवले. दुसऱ्या घरच्या काकू म्हणाल्या, "तुझे सर भारीच निघाले गं. तुझा पगार तरी वेळेवर देतात ना?" मी कणीक मळत राहिले.

सरांना म्हटलं, "भावासाठीच ना केलंत?"

"भाऊ माझा, पैसे त्यांचे. चोरीच ती, बाई."

चौकशीला सोबत एक माणूस नेता येतो. बरोबरच्या प्राध्यापकांना त्या दिवशी नेमकी कामं निघाली. सरांनी मला विचारलं.

"मला इंग्रजी येत नाही, सर."

"बरंच आहे. नुसत्या शेजारी बसा."

भिंतीवर केसांचे टोप घातलेल्या गोऱ्या माणसांच्या तसबिरी होत्या, समोर पाच जण. मला सरांचं 'येस' तेवढं कळलं. तीनदा म्हणाले. टेबलाखाली ते रुमालाची घडी घालत होते, उलगडत होते. त्यांचा हात धरावासा वाटला. धीर झाला नाही.

परतताना गाडीत म्हणाले, "शिकवणं संपलं. सगळं फेडलं तर निवृत्त म्हणतील, नाहीतर काढून टाकलेला."

त्यांनी घर विकलं, त्याचं कर्ज जाऊन थोडंच उरलं. दूर प्लेनो गावी पुतण्याच्या घरी एका खोलीत राहून शाळेच्या मुलांच्या शिकवण्या धरल्या. माझं काम तर घर विकायच्या आधीच थांबवलं होतं. म्हणाले, "पगार परवडत नाही, आणि फुकट मी जेवणार नाही."

तीन वर्षांनी फोन आला. "बाई, कोणाला सांगावं सुचेना, म्हणून तुम्हाला केला."

"बोला ना, सर."

मग म्हणाले, आज शेवटचा हप्ता जमा झाला, कॉलेजचं पत्र आलं, सगळे पैसे फिटले.