बापाने हात दिला, पावती घेतली नाही

कॉलेजच्या क्लार्कने माझ्या बापाला फसवलं. बापाला फसवलं म्हणजे मला फसवलं, कारण जागा माझी होती.

जालना जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. माझा बाप तीर्थपुरीकडच्या बैलबाजारांत दलाली करायचा. तिथे रुमालाखाली एकमेकांचा हात धरून, बोटं दाबून भाव ठरतो. शेवटी पंजा घट्ट दाबला की सौदा पक्का. कागद नाही, सही नाही. पंजा दाबून फिरलेल्या माणसाच्या रुमालाखाली पुन्हा कुणी हात घालत नाही.

मी दहावीला गावात पहिली आले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. बाप मला घेऊन जालन्याला गेला. अकरावी सायन्सला नाव घालायचं आणि जुन्या जालन्यात मावशीकडे राहायचं, असं ठरलं होतं.

खिडकीतल्या क्लार्कने गुणपत्रक पाहिलं.

"मार्क चांगले आहेत, मामा. कागद राहू द्या इथंच. सोमवारी या, फी भरा."

"पक्कं समजू ना, भाऊसाहेब?" बापाने गजांतून हात आत घातला. क्लार्कने तो धरला, वर दाबलाही.

"बिलकुल पक्कं."

मी बापाला म्हणाले, "अण्णा, त्या पुढच्या माणसाने पावती घेतली."

"हात दिल्यावर पावती मागायची? त्याचा अपमान न्हाई का होत?"

सोमवारी यादीत माझं नाव नव्हतं. क्लार्क म्हणाला, अर्जच आलेला नाही. बाप म्हणाला, "तुम्ही हात दिल्ता."

"मामा, इथं बैल विकत नाहीत."

रांगेतली माणसं हसली. बाप हटला नाही, तेव्हा कागद त्याच क्लार्कच्या खणातून निघाले. तोवर जागा भरल्या होत्या. "पुढच्या वर्षी बघू," तो म्हणाला, "तोवर पोरीचं लग्नबिग्न जमेल." त्याच्या भाच्याचं नाव यादीत होतं, मार्क माझ्यापेक्षा कमी. हे मावशीच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

लग्न जमलं, तेही जुन्या जालन्यातच. नवरा दुसऱ्याच्या दुकानात कापडाची थानं उलगडायचा. मी दारोदार ब्लाउजपीस विकले आणि स्वतःचं दुकान काढलं. घाऊक व्यापारी मला पाहिलं की म्हणतात, "आली बाई, आता गेली दुपार." मी भाव पाडते, आवाज चढवते आणि लेखी घेतल्याशिवाय गाठोडं उचलत नाही.

लेक दहावी झाली तेव्हा तिला घेऊन मी त्याच खिडकीवर गेले. आता क्लार्क दुसरा होता, पण बोलणं तेच.

"कागद ठेवून जा, ताई. परवा या."

"आधी पावती द्या."

"तशी पद्धत नाही."

"मंग आजपासून सुरू करा!" माझा आवाज पार फाटकापर्यंत गेला असेल. त्याने खिडकीचं दार ओढायला घेतलं. अजून एक वाक्य बोलले असते तर लेकीची जागा माझ्याच तोंडाने गेली असती.

लेकीने माझा पदर ओढला. "मम्मी, दोन मिनिटं गप."

तिने वहीची दोन पानं फाडली. दोन्हींवर सारखाच अर्ज लिहिला आणि खाली कुठले कागद दिले ते ओळीने मांडलं. "सर, एक प्रत तुम्हाला. दुसरीवर फक्त मिळाल्याचा शिक्का द्या." त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहणं टाळलं, आणि शिक्का मारला.

यादीत ती तिसरी होती.

बापाला वाचता येत नाही. मी तो कागद त्याच्या हातात दिला. त्याने जांभळ्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला. "इथं पंजा असा दाबतात व्हय?"

लेक आता बी.एस्सी. करते आहे. निकाल लागले की माझ्या दुकानाच्या बाकावर खेड्यातल्या पोरी दोन-दोन प्रती लिहीत बसतात. ती त्यांना शिकवते. गिऱ्हाइकाला बसायला जागा राहत नाही आणि मला त्याचा राग येत नाही, हे माझ्या ओळखीतल्या कुणाला खरं वाटत नाही.

पण तो पहिला क्लार्क रिटायर होऊन याच गावात आहे. मागच्या दिवाळीत शर्टपीस घ्यायला आला. मी ओळख दिली.

"एवढं जुनं कशाला काढता, ताई? चांगल्या शेठाणी झालात की!"

शेठाणी मी माझ्या हिमतीवर झाले, भाऊसाहेब. आणि जुनं अजून झालेलं नाही. माझा बाप आजही म्हणतो की चूक त्याचीच, त्याने पंजा बरोबर दाबला नसेल. रोज सकाळी तो माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसलेला असतो. या, आणि त्याच्या तोंडावर सांगा. हात दिला होता की नव्हता?