रडणारे किती, ते सांगा

"विमानतळाला किती वेळ लागेल?" असं विचारलं की डोणगावचे उत्तमभाऊ आधी उलट विचारायचे, "रडनारे किती हायेत?" भाड्याची गाडी चालवणाऱ्या माणसाचा हा प्रश्न ऐकून नवं गिऱ्हाईक चक्रावून जाई. पण आमच्याकडे घरातलं कुणी विमानानं निघालं की आख्खी भावकी पोचवायला जाते. औक्षण, नारळ, दशम्या, वाटेत आत्याच्या दारात चहा. उत्तमभाऊ माणशी दहा मिनिटं धरत. "सडक तेवढीच राह्यते हो, मानसं वाढतात." त्यांच्या गाडीतल्या कुणाचंही विमान कधी चुकलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

मी भूगोलाचा मास्तर. लेकीची, सोनलची, दिल्लीला नोकरीची मुलाखत होती. विमान नागपूरहून, दुपारचं. मी मोबाइलवर वाचलं, संभाजीनगर आणि नागपूर या दोन विमानतळांमधलं अंतर तासाभराच्या आतलं. झालं! मग सडकेनं नागपूरला कशाला जायचं? जवळच्या संभाजीनगरला जाऊ, मेहकरच्या स्टँडवर काढतो तसं खिडकीवर तिकीट काढू, आणि सोनल उडत उडत नागपूरला.

"सर, तिथून नागपूरले विमान जाते काय?" उत्तमभाऊंनी विचारलं.

"ते हवाई अंतर असतं. तुम्हाला नाही कळायचं."

"बरं," ते म्हणाले.

आम्ही सात जण निघालो. विमानतळावर खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, इथून नागपूरला सध्या विमान नाही."

"अहो, पण पन्नास मिनिटं लागतात!"

"लागतील ना. विमान असतं तर."

सोनलनं बॅग उचलली आणि गाडीकडे चालू लागली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. उत्तमभाऊंनी घड्याळ पाहिलं आणि दार उघडलं. "सोनल अन् तिची माय बसा. बाकी समदे उतरा."

"मी?"

"तुमी पयले उतरा. तुमचंच रडनं लांबते."

गाडी निघून गेली. आम्ही पाच जण दशम्या घेऊन उभे. नागपूरचा रस्ता पुन्हा आमच्याच डोणगावजवळून जातो, म्हणजे लेकीला मी अर्धा दिवस उलट्या दिशेला फिरवून आणलं होतं. वर्गातल्या एखाद्या पोरानं असा नकाशा वाचला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

आम्ही एसटीनं परत निघालो. साडेतीनला फोन आला. "बाबा, आत पोचले. मी शेवटची होते." भरल्या एसटीत मी हमसून हमसून रडलो. बहीण म्हणाली, "उत्तमभाऊचं खरंच आहे."

सोनलला नोकरी लागली. पण तिचं विमान चुकता चुकता राहिलं, ही बातमी गावभर झाली. मी हॉटेलात चहा पीत होतो, तेव्हा कुणीतरी उत्तमभाऊंना टोकलं. ते म्हणाले, "माही गाडीच बिघडली बावा. सर काय करतीन?" माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी गुपचूप बशीतला चहा ओढला. त्यानंतर दोन-तीन घरांनी दुसरी गाडी सांगायला सुरुवात केली. तरी मी तोंड उघडलं नाही. मास्तर ना, इभ्रत होती!

उत्तमभाऊ मागच्या वर्षी गेले. तेरवीच्या पंगतीत शेजारचा म्हणाला, "मानूस सोन्यासारखा, पन सरच्या पोरीच्या टाइमाले गाडीनं दगा देल्ला." मी मान खाली घालून जेवत राहिलो.

आता लिहितो. गाडीला काहीसुद्धा झालं नव्हतं. चूक माझी होती, आणि माझ्या पोरीला त्यांनी वेळेवर पोचवलं.