केरबा गुरवाचा कौल

केरबा गुरव देव मानत नव्हता. चिंचदऱ्यात ही गोष्ट दोनच माणसांना ठाऊक होती. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको चंद्राबाई. बाकी गावाच्या लेखी तो जानाईचा गुरव. सकाळी देवीला पाणी घालायचं, हळदकुंकू वाहायचं, गावावर काही अडचण आली की कौल लावायचा, हे काम त्याच्या घरात बापजाद्यांपासून चालत आलेलं.

देवीवर त्याचा राग नव्हता. राग धरावा असं तिनं कधी काही केलंच नव्हतं. तो बारा वर्षांचा असताना बापानं त्याला कौल लावायला शिकवला. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. बाप म्हणाला, "जी पाडायची ती नुसती ओलसर बोटानं लावायची. दुसरी चांगली थबथबून. आन् आदी गावाच्या तोंडाकडं बघून घ्यायचं."

"मग देवी काय करती?" केरबानं विचारलं.

"देवी बसती," बाप म्हणाला आणि समई पुसायला लागला.

त्या दिवसापासून केरबाच्या डोक्यात एकच गोष्ट हळूहळू मुरत गेली. वर कुणी बसलेलं नाही. मेलेलं माणूस कुठं जात नाही, परत येत नाही, ते संपतं. आणि ते संपतं म्हणूनच त्याला जपायला पाहिजे. कुणाला पान लागलं, साप चावला आणि माणसं त्याला उचलून देवळात घेऊन आली, की केरबा दारातच आडवा व्हायचा. "देवी म्हनती आदी दहिवडीला न्या, दवाखान्यात. अंगारा मागनं लावतो." पटकीची साथ आली त्या वर्षी त्यानं देवीच्या नावानं अख्ख्या गावाला पाणी उकळून प्यायला लावलं. शेजारच्या वाडीत अकरा माणसं गेली, चिंचदऱ्यात एक. लोकांनी देवीची ओटी भरली. केरबा घरी येऊन चंद्राबाईला म्हणाला, "खोटं बोललो, पर दहा जीव राखलं." ती म्हणाली, "राखलं न्हवं, मग गप बसा."

देवळाभोवती चारेक एकर जानाईचं रान होतं. नांद्रुक, करंज, कडुलिंब, उंबर, दोन म्हातारे वड. बाकी सगळ्या माणदेशात उघडे माळ आणि कुसळं, आणि मधेच हे हिरवं ठिगळ. त्यातली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नसे. रानाच्या खालच्या अंगाला दगडाच्या फटीतून झरा यायचा. मनगटाएवढी धार, पण बारा महिने. सारं गाव त्यावर प्यायचं. झाडांची मुळं पाणी धरून ठेवतात म्हणून झरा टिकतो, असं केरबाचं मत होतं. लोक म्हणत, देवीच्या पायातून येतो. रान राहत होतं, तोवर कुणाचं खरं यावर वाद घालायची त्याला गरज वाटली नव्हती.

बाहत्तर साली पाऊस आलाच नाही. त्याच्या आदल्या सालीही धड नव्हता. दिवाळीपर्यंत विहिरींचे तळ दिसायला लागले, पौषात जनावरं कवडीमोलानं बाजारात गेली. गावची निम्मी माणसं खडी फोडायच्या कामावर. झऱ्याची धार करंगळीएवढी झाली होती, तरी चालू होती.

तेव्हा सरपंच लालासाहेबांनी गाव देवळात गोळा केलं. माणूस दुष्ट नव्हता. त्याच्या दारात रोज भाकरी मागायला माणसं उभी राहत होती आणि त्याच्याही कणगीत आता खडखडाट होता. त्यानं सांगितलं, की कऱ्हाडचा एक कोळसेवाला रान तोडून घ्यायला तयार आहे. बदल्यात घरटी ज्वारी देतो. "आपुन आपल्या मनानं काय करायचं न्हाई. आईला इचारू. ती व्हय म्हनली तर व्हय."

केरबानं गावाच्या तोंडाकडं बघितलं. तोंडं सुकलेली होती, पण त्यात भूक जास्त होती की भीती, हे त्याला कळेना. ज्वारी दोन महिन्यांत खाऊन संपेल, झरा गेला तर गाव संपेल, असा त्यानं विचार केला. हे तो बोलूनही दाखवू शकला असता. पण गुरवाचं कोण ऐकणार? त्यानं डावी पाकळी ओलसर बोटानं लावली. ती पडली.

देवी नाही म्हणाली. लालासाहेबांनी हात जोडले आणि हुकूम काढला, की आता रानातलं पानसुद्धा कुणी तोडायचं नाही. तोडील त्याचा वंश बुडेल. एकदा लावलेला कौल वर्षभर बदलत नाही, अशी गावची रीत होती.

रानाच्या वरच्या अंगाला धुळा धनगराचं पाल होतं. दरवर्षी तो मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला जायचा, पण त्या साली बायको बाळंतीण झाली आणि त्यातून आजारी पडली, म्हणून राहिला. पोरगी चार महिन्यांची, हिरा नावाची. आईला दूध नव्हतं. एका शेळीच्या दुधावर पोरगी जगत होती, आणि शेळीला खायला काही उरलं नव्हतं. मेंढरं तर रोज एक-दोन पडतच होती.

धुळा देवळाच्या पायरीशी आला. वर चढला नाही.

"गुरव, आईला पुन्यांदा इचारता का? झाड नगं. नुस्ता पाला. एका शेळीपुरता."

"जा, घे की काढून," केरबा हळूच म्हणाला. "मी बघितलं न्हाई म्हन."

धुळा दोन पावलं मागं सरला. "आवं, असं कसं? आईनं न्हाई म्हनलंय. माझी ल्हान पोर हाय."

केरबाच्या ओठांपर्यंत आलं होतं, की आई नाही म्हणाली नाही रं, मी म्हणालो. पण धुळाला सांगितलं तर धुळा बायकोला सांगणार, बायको पाणवठ्यावर, आणि एकदा भीती गेली की कोळसेवाल्याच्या कुऱ्हाडी रानात. त्यानं एका बाजूला सगळा गाव ठेवला आणि दुसऱ्या बाजूला एक शेळी. पोरगी मोजायची राहून गेली. "बघतो," एवढंच तो बोलला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच नांद्रुकाचा आणि उंबराचा पाला काढून धुळाच्या पालापाशी नेऊन टाकला. धुळानं तो कुठला आहे हे ओळखलं आणि हात न लावता, काठीनं ढकलत ढकलत परत रानाच्या कडेला आणून टाकला. शेळी दाव्याला ओढ देऊन ओरडत होती.

शेळी चौथ्या दिवशी मेली. चंद्राबाई घरातली पेज करून पालावर घेऊन जायची, पण पोरीच्या पोटात ती ठरत नव्हती. केरबा पोरीला दहिवडीला न्यायला निघाला, तर वाटेतच धुळाच्या बायकोनं पदर उघडून बघितलं आणि ती खाली बसली. तिथनंच सगळे माघारी फिरले.

पोरगी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी धुळा देवळात आला. हातात नारळ. त्या दुष्काळात त्यानं तो कुठून आणला होता कोण जाणे. उंबऱ्यावर डोकं टेकून म्हणाला, "आई, माजं चुकलं. पाला घ्यायचं माझ्या मनात आलं, म्हनून तू पोर नेलीस. आता बास कर. बायकूला तरी ठेव."

केरबा गाभाऱ्यात उभा होता. त्याच्या हातातला तांब्या खाली पडला. पाणी सगळं वाया गेलं. देवीच्या नावानं आजवर तो किती खोटं बोलला होता, पण त्या खोट्यानं कुणाला आपल्याच पोरीचा खुनी करून ठेवलं नव्हतं.

"धुळा, ऊठ," तो म्हणाला. "देवीनं काय नेलं न्हाई. देवी बोलत न्हाई. ती पाकळी मी पाडली. पोर भुकंनं मेली आन् तिला मी मारली. तुजं काय सुदिक चुकलं न्हाई."

धुळा उठला. मग नारळ तिथंच ठेवून गेला.

संध्याकाळी गाव जमलं. केरबानं सगळं पुन्हा सांगितलं, बोटं भिजवून दाखवलं. कुणीतरी त्याच्या तोंडात मारली. लालासाहेबांनी माणसं आवरली आणि थंड आवाजात विचारलं, "म्हंजी आईची मनाई न्हाईच?"

"आईची न्हाई. पर ऐका," केरबा हात जोडून बोलायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतःच्या तोंडानं बोलत होता. "पाला काढा, जनावरं जगवा. वाळल्या फांद्या न्या. खोडाला हात लावू नगा. ह्या झाडांवर तुमचं पानी हाय. ह्यांना राखायला वर कोन बी न्हाई, म्हनून तर आपुन राखायचं. आपल्याला बी कोन राखत न्हाई. एकमेकाला आपुनच हाय."

"देव न्हाई म्हनतोस आन् झाडाच्या पाया पडाय लावतोस व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले. दुष्काळात माणसं अशी हसली नव्हती.

आठ दिवसांत कोळसेवाला आला. केरबा मोठ्या वडाला पाठ लावून बसला. कुऱ्हाड घेऊन जो पहिला पुढं आला तो धुळा होता.

"सरका, गुरव."

"धुळा, तू तरी नगं."

"ज्वारी मिळती. बायकू हाय अजून." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर केरबा बसून राहिला असता. तो उठला.

रान पडायला तीन आठवडे लागले. भट्ट्यांचा धूर गावावर बसून राहिला, भाकरीलाही त्याचा वास यायचा. चैत्रात झरा बंद पडला. झाडं गेली म्हणून पडला की तसाही आटणारच होता, हे कुणालाच सांगता आलं नसतं. केरबालाही नाही. ज्वारी तोवर संपली होती. लोकांनी बायकापोरांना घेऊन वाटा धरल्या. देवीची पूजा त्याच्या चुलतभावाकडं गेली. केरबाच्या घरात कुणी विस्तव देईना. मग त्यानंही घराला कडी लावली आणि चंद्राबाईला घेऊन तो खाली कृष्णेच्या खोऱ्यात कुंडलला आला, तिच्या लांबच्या नात्यातल्या भाऊसोंच्या मळ्यात.

मळ्यात ऊस. त्याला काम मिळालं ते सरींना पाणी पाजायचं. पहिल्या दिवशी पाटातून घोट्याएवढं पाणी धावत आलं तेव्हा तो बांधावर बसून राहिला, पाय घालवेना. भाऊसो म्हणाले, "पावनं, गुरव हाय न्हवं तुमी? मळ्यात म्हसोबा हाय, त्याचं बी बघा. कौल-बिल लावा आमच्या घरच्यांचा." केरबा म्हणाला, "खोरं द्या. तेवढंच करीन."

पुढं दोन-तीन वर्षांनी, सुगी झाल्यावर, रिकाम्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला माणदेशातले धनगर आले. त्यात धुळा होता. थोडीच मेंढरं, तीही दुसऱ्याची. बायको दुष्काळाच्याच उन्हाळ्यात गेली होती. बांधावर दोघं बसले. चंद्राबाईनं भाकरी दिली, ती धुळानं खाल्ली.

"गुरव," तो म्हणाला, "एक इचारायचं हुतं. तुमी आदी सांगितलं असतं, तर पोर ऱ्हायली असती. आन् मागनं सांगितलं नसतं, तर झाडं ऱ्हायली असती. तुमी बरूबर मदीच का सांगितलं?"

केरबानं बांधावरचं ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं.

"आदी मी देवीला भेत हुतो," धुळा पुढं म्हणाला. "वाईट झालं की तिच्या दारात जाऊन रडायचो. बायकू गेली तवा जायाला जागाच न्हवती. तुमाला कसं जमतं ओ? तुमी कुटं जाता?"

"कुटंच न्हाई," केरबा म्हणाला. "पोर डोळ्यासमोर येती. मी बसून ऱ्हातो."

"रोज?"

"रोज."

धुळानं मान हलवली. त्यात क्षमा नव्हती, पण तो उठूनही गेला नाही. मेंढरं शेतभर पांगली होती. वरच्या सरीतून पाणी फुटून वाटेवर यायला लागलं, तसा केरबा खोरं घेऊन उठला आणि माती ओढून बांध घालायला लागला.