समोरच्या झोपडीचा शब्द

कै. माणिकप्पा गुरुलिंगप्पा हुडगे, जन्म इसवी १८८४, मृत्यू १९४७, राहणार कारंजवाडी, खटकचिंचोळीपासून दोन कोस. व्यवसाय मापारी. पुढील हकीकत मी मुख्यतः त्यांच्या धाकट्या भगिनी शांतम्मा यांच्या तोंडून ऐकली. जेथे त्यांना नक्की आठवत नव्हते, तेथे मी भर घातलेली नाही.

आठवडी बाजारात शेतकऱ्याची ज्वारी व्यापाऱ्याला मोजून देणे हे मापाऱ्याचे काम. आमच्याकडची रीत अशी होती की, धान्य ज्याचे त्याने मापाकडे पाहायचे नाही, घेणाऱ्यानेही नाही. दोघे पाठ करून बसत. तिसरा मोजून सांगेल तो आकडा अखेरचा, त्यावर वाद नाही. या रीतीमुळे बाजारात कधी मारामारी झाली नाही, आणि माणिकप्पांचा या रीतीवर देवाइतकाच विश्वास होता.

फसली १३३५च्या हिवाळ्यात, म्हणजे इसवी १९२५ अखेरीस, गावात उंदीर मरून पडू लागले; प्लेग आला. चार दिवसांत गाव रिकामे करून लोक माळावर गेले. दोन रांगांत समोरासमोर एकशे तीस झोपड्या उभ्या राहिल्या. ज्याला ताप किंवा गाठ, त्याने नाल्यापलीकडच्या वेगळ्या झोपड्यांत जायचे, असे पंचांनी ठरवले. परंतु आपल्या घरचा रोगी कोणी सांगेना. एका झोपडीत असा लपवलेला रोगी निघाला, तेव्हा त्या घरातील चौघे दगावले होते.

पाटील अंकुशराव यांनी माणिकप्पांना विचारले, “आता काय करावं, अप्पा?”

“ज्याचा माल त्यानं माप सांगू नये,” माणिकप्पा म्हणाले. “ज्याच्या घरचा ताप, त्यानं तो सांगू नये. समोरच्यानं सांगावा.”

त्याप्रमाणे नियम झाला. दिवस मावळायच्या आधी सर्वांनी दारात उभे राहायचे, समोरासमोरच्या झोपड्यांनी एकमेकांविषयी ‘खुशाल’ किंवा ‘ताप’ एवढेच म्हणायचे, आणि रांगेतून फिरून ते ऐकायचे काम माणिकप्पांचे. त्या शब्दावर फेरतपासणी नाही.

पहिल्या पंधरा दिवसांत नऊ माणसे पलीकडे गेली. नऊही खरोखर आजारी होती, आणि साथ आवरल्यासारखी दिसली. गावाने माणिकप्पांना दुवा दिला.

त्यानंतर बांधाच्या तंट्यातला एक जण पलीकडे गेला. मग एक नकोशी सून. मग राजूबाईंचा नवरा, ज्याने कोणाला तरी विहिरीवर शिवी दिली होती. माणिकप्पा रोज नाल्यापर्यंत पाण्याच्या घागरी नेत. पलीकडे धडधाकट माणसे लाकडे फोडताना त्यांना दिसत. ते कोणाला काही बोलले नाहीत. धान्य मोजणाऱ्याला धान्याशी देणेघेणे नसते. ताप सांगणाऱ्याला शेजाऱ्याशी असते, एवढा फरक त्यांच्या ध्यानात यायला हवा होता. शांतम्मांच्या मते तो आला होता, पण नियम त्यांचा स्वतःचा होता.

आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. लोकांना संध्याकाळची गोडी लागली होती. बायका तोंड धुऊन, वेणी घालून दारात येत. “आज कोणाची पाळी गं?” असे हसून विचारीत.

शांतम्मा विधवा, वय तीस, एकट्या राहत. त्यांच्या समोर किशनरावांची झोपडी होती. एका सकाळी किशनरावांच्या आई नागूबाई तापाने फणफणलेल्या त्यांनी पाहिल्या. म्हातारी हात जोडून म्हणाली, “नाल्यापल्याड मरू देऊ नको, अक्का.” संध्याकाळी शांतम्मा ‘खुशाल’ म्हणाल्या. किशनरावांनीही त्यांच्याविषयी ‘खुशाल’ म्हटले.

रात्रभरात किशनरावांनी विचार केला असावा. आज ही गप्प बसली, उद्या बसेलच असे नाही. तिची झोपडी रिकामी झाली, की समोर बोलणारे कोणी उरणार नव्हते. दुसऱ्या संध्याकाळी ते खाली मान घालून म्हणाले, “ताप.”

शांतम्मांनी आधी भावाकडे पाहिले. माणिकप्पा दुपारी त्यांच्याच हातची भाकरी जेवले होते.

“अण्णा, मला काय झालंय? सकाळधरनं कामच करायले. हात लावून बघ की.”

माणिकप्पांनी हात पुढे केला. तेवढ्यात मागून राजूबाई म्हणाल्या, “माझ्या मालकाला हात लावला न्हाई, मापारी अप्पा. बहिणीला कामून लावायलात?”

लोक हसले. दोन-चार जणांनी “व्हय, व्हय” म्हटले. माणिकप्पांनी हात मागे घेतला आणि नाल्याची दिशा दाखवली. शांतम्मांनी घोंगडी उचलली. म्हातारीचे नाव त्यांनी तेव्हाही घेतले नाही.

नागूबाई तिसऱ्या दिवशी वारल्या. फाल्गुनाअखेरीस लोक गावात परतले. पलीकडे एकूण एकतीस माणसे गेली होती. त्यांपैकी चौदा परत आली, त्यांत शांतम्मा होत्या. राजूबाईंचा नवरा आला नाही. सतरा मृतांपैकी जाताना किती निरोगी होते, याची नोंद कोणी केली नाही.

पाडव्याच्या बैठकीत माणिकप्पांनी मागणी केली की, सतरा नावे गावापुढे वाचावीत आणि प्रत्येकाविषयी ‘ताप’ कोणी म्हटले हेही सांगावे. अंकुशराव म्हणाले, “सगळ्या गावानंच सांगितलं अप्पा, मग ऐकायला कोण बसणार?” मागणी तहकूब झाली. ती त्यांनी पुढेही अनेक पाडव्यांना केली, आणि दर वेळी ती तहकूब झाली. मात्र फसली १३४० साली पुन्हा साथ आली, तेव्हा तपासणी भालकीच्या वैद्यांकडे सोपवली गेली. तो नियम सुटला.

किशनराव एकदा शांतम्मांच्या ओट्यावर येऊन बराच वेळ बसले. शांतम्मांनी पाणी दिले; ते पिऊन किशनराव गेले. तो विषय तेथे मिटला.

भावाशी मिटला नाही. पहिल्या साथीच्याच वर्षी शांतम्मांनी त्याला विचारले होते, “किशनरावाला आईच्या जिवाचं भ्या होतं. तुला कशाचं होतं, अण्णा?” त्यानंतर दोघे एकवीस वर्षे भिंतीला भिंत लावून राहिले, सणावारी ताटही देत-घेत राहिले. उत्तर मिळाल्याचे शांतम्मांना आठवत नाही. सतरा नावांचे वाचनही अद्याप झालेले नाही.