पोरगी कर्नाटकात द्यायची म्हणून

माझ्या मुलीला देशपातळीच्या परीक्षेतून कर्नाटकात कोलारकडच्या एका शेतकी कॉलेजात जागा मिळाली आणि आमच्या बोरीच्या घरात धाकट्या दिरांनी टीव्हीचा आवाज वाढवला. सीमाप्रश्न पुन्हा पेटला होता. एसटीला काळं फासलेलं दाखवत होते. भाऊजी गावचे पुढारी. त्यांचं म्हणणं, मराठी पोर तिकडं पाठवणं म्हणजे तिला वैऱ्याच्या दारात सोडणं. मुलीचे वडीलही त्यावर होकाराची मान हलवत होते. होकार संध्याकाळच्या आत मोबाईलवरून कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. मुलगी जेवली नव्हती.

मी म्हटलं, चौकशी करू. आता चौकशी मला एकाच प्रकारची येते, ती म्हणजे स्थळाची. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात कोलारचा एक व्यापारी दर हंगामाला मुक्काम ठोकतो, आमचा माल घेतो, मराठीही बरी बोलतो. पण कॉलेजबद्दल विचारलं की माणसं 'चांगलंय' म्हणून मोकळी होतात. स्थळाबद्दल मात्र खरं सांगतात, उद्या पोरीचे तळतळाट कोण घेणार? मग मी पदर सावरला, वधूमाईचा चेहरा केला आणि त्याला क्रेटच्या थप्पीआड गाठलं. माझ्यामागे मुलगी, तिच्यामागे भाऊजी.

"दादा, पोरगी तुमच्या मुलखात द्यायचा विचार आहे. माणसं कशी हायेत?"

त्याने हातातला टोमॅटो खाली ठेवला. "अक्का, देऊ नका."

भाऊजींची छाती फुगली. मुलीने मोबाईल पिशवीत टाकला. नाटक माझंच, आणि फसलेही मीच. कसंबसं विचारलं, का?

तो समजुतीने सांगू लागला. सासू काय बोलते ते कळणार नाही. सणाला माहेरी निघावं तर गाड्या बंद. म्हातारी होईपर्यंत पोर तिथं पाहुणीच राहील. मला पुढचं ऐकवेना. लग्न नाही, चार वर्षांचं शिक्षण आहे, असं मी सांगून टाकलं.

त्याने कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "शिकायला? मग अडवता कशाला? मी इथं भाव करता करता मराठी शिकलो."

भाऊजी पुढे सरकले. "आन् तिकडं कुनी गाडी अडवली तर? न्हाई जमायचं."

व्यापारी शांतपणे म्हणाला, "भाऊ, मागं माझी गाडी इथं तुम्हीच अडवली होती. दिवसभर घोषणा. संध्याकाळी माझ्यासाठी पिठलं-भाकरी घेऊनही तुम्हीच आलात."

भाऊजींनी एक टोमॅटो उचलला आणि बारकाईने न्याहाळू लागले.

"तिकडचे आणतील भाकरी?" मी विचारलं.

"काही आणतील. काही नाही आणणार."

खोटा दिलासा त्याने दिला नाही. मुलीने मोबाईल पुन्हा काढला, पण होकाराच्या बटणाशी बोट धरून ती काकांकडे बघत थांबली.

"माझ्याकडं काय बघती?" भाऊजी म्हणाले. "तिकडंबी माझ्यासारखा एखादा असंलच. त्याचा नंबर घे यांच्याकडनं, मग दाब."

व्यापाऱ्याने नंबर लगेच दिला. तिकडं गाड्या अडवणारा त्याचा सख्खा मेहुणाच होता.