मोठ्या पप्पांची खुर्ची

"राष्ट्रपतीच्या मागं उभं ऱ्हायचे म्हनं. ही काय नोकरी हाय व्हय?"

"बंगला हुता की, गाडी हुती."

"मंग आमच्या ह्यांना लावा. दिसभर पारावर उभेच असत्यात."

माझ्या मागच्या रांगेतल्या दोघी खुदकन हसल्या. कोल्हारच्या शाळेत बक्षीस समारंभ होता आणि त्या बोलत होत्या माझ्या मोठ्या पप्पांबद्दल, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाबद्दल. लष्करातून ते काही वर्षं राष्ट्रपतींचे एडीसी, म्हणजे सतत सोबत राहणारे लष्करी अधिकारी, म्हणून गेले होते. निवृत्त होऊन नुकतेच गावी राहायला आले होते. त्या दिवशी त्यांचा सत्कार होता.

मी मागे वळले नाही. अनोळखी माणसांशी बोलायचं मी टाळते, आणि माझं इंग्रजी शाळेतलं मराठी ऐकून लोक गालात हसतात. शिवाय सांगण्यासारखं मलाच काय माहीत होतं? तिथल्या सरांनी मला मोठ्या पप्पांचा परिचय करून द्यायला सांगितलं होतं. मी विचारायला गेले तर मोठे पप्पा म्हणाले, "सेवेत होतो, एवढंच सांग."

"पण तिथे करायचात काय?"

"साहेबांना काय हवंय ते त्यांनी मागायच्या आत ओळखायचं. आणि आपण दिसायचं नाही."

एवढ्यावर परिचय कसा करणार? मी माइक नको म्हणाले. सरांनी ते एकच वाक्य वाचलं. टाळ्या जेमतेम वाजल्या.

स्टेजवर दोन खुर्च्या होत्या. एक मोठ्या पप्पांची आणि एक श्रीगोंद्याहून येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांची. पाहुणे उशिरा आले. ते दिसताच मोठे पप्पा उठले, पाहुण्यांची खुर्ची मागे ओढली, ते बसल्यावर पुढे सरकवली आणि डाव्या बाजूला, एक पाऊल मागे, उभे राहिले. स्वतःच्या खुर्चीकडे परत गेलेच नाहीत. सर त्यांना बसायच्या खुणा करत होते. मोठ्या पप्पांचं लक्ष नव्हतं, की होतं?

पाहुण्यांनी मागे न बघताच हात वर केला. "अहो, जरा पाणी द्या."

मागच्या दोघींतली एक म्हणाली, "बघ. शिपाईच हुते."

मोठे पप्पा टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडे वळले. घरी त्यांचा एक फोटो आहे. खांद्यावर सोनेरी दोऱ्या, पुढे राष्ट्रपती, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. आत्ताही चेहरा तसाच होता. त्यांना अपमान वाटत होता की कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं, मला कळेना. थांबवलं तर त्यांचं काही हिरावून घेतल्यासारखं होईल का? नाही थांबवलं तर गाव त्यांना कायम शिपाईच म्हणेल.

मी कधी उठले, पायऱ्या कशा चढले, आठवत नाही. समोरचा माइक चालूच होता, तेही लक्षात आलं नाही.

"मोठे पप्पा, तुम्ही बसा. आज सत्कार तुमचा आहे. पाणी मी देते."